ब्रेडेनाउ जंक्शनची लाल टोपी

ब्रेडेनाउ गाव एकीकडे आणि त्याचं स्टेशन दुसरीकडे, मधे नदी आणि बटाट्याची शेतं. रूळ आले तेव्हा गावातल्या शेतमालकांनी कंपनीला जागा द्यायला साफ नकार दिला. इंजिनाच्या धुराने बटाटा नासतो, अशी त्यांची खात्री होती. मग कंपनीने पलीकडच्या पाणथळ कुरणात भराव घालून स्टेशन बांधलं, आणि काही वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीने आपले रूळ तिथेच आणून भिडवले. असं ते जंक्शन झालं. दोन्ही कंपन्यांमधून विस्तव जात नव्हता. एकाच इमारतीत दोन स्टेशनमास्तर, दोन तिकीट खिडक्या आणि दोन घड्याळं होती, आणि ती घड्याळंसुद्धा कधी एक वेळ दाखवायची नाहीत. एकीची गाडी दुसरीच्या उतारूंसाठी क्षणभर थांबायची नाही. डोळ्यांदेखत गाडी सुटलेली माणसं मग स्टेशनातल्या खानावळीत बसून शिव्या घालायची आणि बिअर प्यायची. खानावळीचा जम बसला तो असा.

पुढे दोन्ही मार्ग सरकारजमा झाले आणि एक घड्याळ उतरवलं गेलं. भिंतीवर त्याचा फिकट गोल तेवढा राहिला. एवाल्ड ट्रीश शिकाऊ म्हणून नोकरीला लागला त्या दिवशी म्हाताऱ्या स्टेशनमास्तरने त्याला त्या गोलाखाली उभं केलं आणि वर बोट दाखवलं.

"एक गाडी दुसरीसाठी थांबते, त्या जागेला जंक्शन म्हणतात, पोरा. बाकीची नुसती स्टेशनं."

एवाल्डचा बाप याच यार्डात इंजिनांवर कोळसा भरायचा. एवाल्ड युद्धावर गेला, रशियात कैद झाला. तो तिकडे असतानाच युद्धानंतरचा तो कुप्रसिद्ध हिवाळा आला. नदी तळापर्यंत गोठली, रेशनचा कोळसा आलाच नाही, आणि निम्मं गाव यार्डाच्या कुंपणाखालून आत शिरून कोळसा उचलू लागलं. पाद्रीबुवांनीसुद्धा त्याकडे काणाडोळा केला. पण गावकऱ्याने उचलला तर ती गरज आणि रेल्वेवाल्याने उचलला तर चोरी. बाप फाटकातून बाहेर पडताना त्याच्या जेवणाच्या डब्यात पावाच्या जागी कोळशाच्या दोन विटा सापडल्या. नोकरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात एवाल्ड कैदेतून सुटून पहिल्या फलाटावर उतरला, घरी आला, तर बाप खिडकीशी बसलेला. कपाळावर टोपीचा वळ होता, डोक्यावर टोपी नव्हती. तो नंतर फार जगला नाही. गावात घराण्याला नाव पडलं ते मात्र टिकलं: वीटवाले ट्रीश.

एवाल्डला कामावर परत घेताना वरच्या साहेबाने विचारलं होतं, "वीटवाल्या ट्रीशचा तू मुलगा ना?"

"हो."

"आम्ही लक्षात ठेवू."

एवाल्डनेही लक्षात ठेवलं. इतर रेल्वेवाले जुने लाकडी स्लीपर घरी नेऊन कोंबड्यांची खुराडी बांधायचे, त्याला कुणी हरकत घेत नसे. एवाल्ड लाकूड वखारीतून विकत आणायचा. कुटुंबाला मिळणारे पास तेवढे तो घेई, कारण ते नियमात होते. त्याची बायको मेटा इल्मरच्या खोऱ्यातली, रूळ जिथे संपतात त्या काल्टेनरोडे गावची. तिला हे सगळं थोडं हास्यास्पद वाटायचं.

"स्टेशनच्या नळाचं पाणी तरी पितोस ना," ती म्हणायची, "की बाटली भरून घरून नेतोस?"

पंचावन्न साली त्याला लाल टोपी मिळाली. लाल टोपी म्हणजे फलाटाचा धनी. गाडी उभी राहते ड्रायव्हरच्या हाताने, पण सुटते ती लाल टोपीवाल्याने हिरव्या काठाची पांढरी तबकडी वर धरली म्हणजेच. काठीला लावलेली ती तबकडी रेल्वेवाल्यांच्या बोलण्यात पळी होती. एवाल्डकडे जास्त करून चौथा फलाट असायचा. तिथून इल्मरच्या खोऱ्यात जाणारी गाडी सुटे. आधी छोट्या इंजिनाची होती, नंतर दोन डब्यांची लालबुंद रेलबस आली. ती चालवायला नोल्टे नावाचा एक उंच, तोंडाळ माणूस होता.

खोऱ्याची शेवटची गाडी संध्याकाळी होती. ती हुकली की सकाळपर्यंत दुसरी नाही. नियम असा, की पहिल्या फलाटावर येणाऱ्या जलद गाडीला, म्हणजे तिच्या जोडगाडीला, उशीर झाला तर खोऱ्याच्या गाडीने तिच्या उतारूंसाठी पाच मिनिटं थांबावं, मग सुटावं. एवाल्ड पाचाची सात करी, कधी दहा. जलद गाडीत खोऱ्याची सुईण असायची, रजेवर आलेला शिपाई असायचा, डोळ्यांचं ऑपरेशन करून आलेली म्हातारी असायची. तेवढ्यात गाड्यांच्या वेळांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलचा फोन येई: चारवरची गाडी का अडली आहे? एवाल्डचं उत्तर ठरलेलं होतं. दुधाचे कॅन. सकाळी खोऱ्यातून भरून आलेले कॅन दुग्धशाळा संध्याकाळी रिकामे परत पाठवायची, ही गोष्ट खरी होती. फक्त ते चढवायला दोन मिनिटंही लागत नसत.

कंट्रोलवरचा माणूस एकदा म्हणाला होता, "ट्रीश, मी हिशोब मांडून बघितला. तुझे सगळे कॅन भरायचे तर त्या खोऱ्यात गाईंबरोबर माणसांनाही पिळावं लागेल."

"माणसं आटलेली आहेत साहेब, गाई बऱ्या आहेत," एवाल्ड म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हा किस्सा खानावळीत आठवडाभर फिरला. खानावळ तेव्हा डिपेलबाईंकडे होती. आडव्या बांध्याची, विधवा, कुणाचंही ऐकून न घेणारी बाई. एवाल्ड दारातून आत आला की ती ओरडायची, "दूधवाले आले, जागा करा!" एवाल्डची मुलगी रोस्विटा शाळेतून आल्यावर तिथेच एका टेबलाशी बसून अभ्यास करायची. कॅनचा विनोद ऐकतच ती वाढली. शाळेत कुणी तिला वीटवाली म्हणून चिडवलं तर ती म्हणायची, "माझा बाबा गाडी थांबवतो. तुझा थांबवतो का?"

रोस्विटा वीस वर्षांची झाली आणि नोकरीसाठी हांबुर्गला गेली. त्याच वर्षी मेटाला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ती म्हणाली, मला काल्टेनरोडेला ने. आईच्या घरातली मागची खोली तिला हवी होती. त्या घरात तिची बहीण राहत होती. एवाल्डने तिला खोऱ्याच्या गाडीनेच नेलं. नोल्टेने प्रत्येक वळणावर वेग इतका कमी केला, की काल्टेनरोडेला पोचल्यावर मेटा त्याला म्हणाली, "नोल्टे, मी अजून मेलेले नाहीये. एवढी मिरवणूक नको."

फेब्रुवारी संपत आला होता. डॉक्टरांचं म्हणणं होतं, दोन-तीन दिवस अजून निघतील. एवाल्डने सकाळी हांबुर्गला फोन करून रोस्विटाला निघायला सांगितलं आणि स्वतः पाळी पुरी करायला स्टेशनवर आला. मुलगी संध्याकाळच्या जलद गाडीने येईल, खोऱ्याच्या गाडीने पुढे जाईल, आपण पाळी संपल्यावर कुणाच्या तरी मोटारीने मागून जाऊ, असा त्याने विचार केला होता. बर्फ दुपारपासून पडत होतं.

संध्याकाळी फोन आला: हांबुर्गची जलद आठ मिनिटं उशिरा.

चौथ्या फलाटावर रेलबस उभी होती. नोल्टेने काच खाली केली.

"एवाल्ड, रोस्विटा आहे ना जलदमध्ये? डिपेलबाई सांगत होती."

"आहे."

"मग? कॅन चढवू या की."

"मुदत पाच मिनिटं आहे."

"मुदत मला नको सांगू. मी काय म्हणतोय..."

"नोल्टे, काच लावून घे. थंडी आत जातेय."

फलाटावरच्या घड्याळाकडे बघत तो उभा राहिला. गाडीत कारखान्यातून सुटलेल्या बायका होत्या, पाय ओले, चेहरे थकलेले. जलद गाडीत खोऱ्याचं दुसरं कुणी आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाची आई असती तर फोनवर कॅन हा शब्द आपोआप आला असता. तो शब्द आपल्याच घरासाठी वापरायचा म्हटल्यावर त्याला बापाचा जेवणाचा डबा दिसला. सकाळची पहिली गाडी आहेच, त्याने स्वतःशी म्हटलं. दोन-तीन दिवस आहेत.

पाच मिनिटं पुरी झाली. कंट्रोलचा फोन आला नव्हता, कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने पळी वर धरली. नोल्टेने काचेतून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

तीन मिनिटांनी जलद पहिल्या फलाटाला लागली. रोस्विटा भुयारी वाटेतून धावत आली, जिना चढली. बर्फात चारचे रूळ रिकामे होते. पळी एवाल्डच्या हातातच होती.

"गेली?"

"गेली."

"तुम्ही सोडलीत?"

"मुदत संपली होती," एवाल्ड म्हणाला.

गावातली एकुलती एक टॅक्सी लग्नाला गेली होती. डिपेलबाईने खाटीक ल्योवरला फोन केला. त्याचा मुलगा व्हॅन घेऊन आला, तोवर एवाल्डची पाळीही संपली. खोऱ्याचा रस्ता आरशासारखा झाला होता, व्हॅन माणसाच्या चालीने चालली. पुढच्या बाकावर तिघं दाटीने बसलेली, मधे रोस्विटा. मागे हुकांना टांगलेल्या सॉसेजच्या माळा प्रत्येक खड्ड्याला एकमेकींवर आपटत होत्या.

पोचले तेव्हा मेटाचे डोळे मिटून झाले होते. बहीण म्हणाली, गाडीची शिट्टी झाली तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. दाराकडे बघत राहिली. उतारू गल्लीतून घरोघरी गेले, त्यांचे आवाज आले, मग थांबले. त्यानंतर अर्धा तासही गेला नाही. बहिणीने हे काही मनात धरून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं.

दफनानंतर रिवाजाप्रमाणे कॉफी आणि चुऱ्याचा केक होता. डिपेलबाईने केकचे दोन मोठे ट्रे स्वतः भाजून आणले होते. नोल्टे कोपऱ्यात बशी धरून बसला होता. त्याने कुणाला काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. रोस्विटाने कप खाली ठेवला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बापाला विचारलं, "त्या दिवशी कॅन नव्हते का, बाबा?"

एवाल्डने आपला कप बशीवर सरळ केला. ती उठली, मावशीच्या गालाला तिने गाल लावला, आणि एका चुलतभावाच्या मोटारीने गेली.

त्यानंतर ती ब्रेडेनाउ स्टेशनवर उतरली नाही. वर्षातून एकदा ती मोटारीने हमरस्त्याने यायची, ब्रेडेनाउला वळसा घालून डोंगरापलीकडून थेट काल्टेनरोडेला, आईच्या थडग्यावर फुलं लावायची आणि त्याच वाटेने परत जायची. एवाल्ड रविवारी रेलबसने जाई तेव्हा मेव्हणी सांगे, ती येऊन गेली. ताजी माती बघून त्यालाही कळायचंच. नाताळला तो फोन करायचा. ती हवामान विचारायची, तो हवामान सांगायचा.

जंक्शन हळूहळू रिकामं होत गेलं. वाफेची इंजिनं गेली, मुख्य मार्गावर विजेच्या तारा आल्या, आणि इंजिन बदलायला गाड्या थांबायच्या त्या थांबेनाशा झाल्या. इंजिन शेडचं छप्पर उतरवलं, भिंती तशाच सोडल्या. दुग्धशाळेचे ट्रक खोऱ्यात जाऊ लागले, तेव्हा कॅन बंद झाले. थांबायची मुदत आधी पाचाची दोन मिनिटं झाली आणि नंतर तीही कंट्रोल ठरवू लागलं. एवाल्डने ब्याऐंशी साली लाल टोपी परत केली. पुढच्याच वर्षी नोटीस लागली, की मे महिन्यात नवीन वेळापत्रक आलं की इल्मर खोऱ्याची गाडी बंद.

आमच्या भागात मार्ग बंद व्हायचा असला की त्याची अंत्ययात्रा काढतात. शेवटच्या गाडीला काळ्या फितीची माळ घालतात, अग्निशामक दलाचा बँड येतो, कार्निव्हल मंडळाचे लोक उंच काळ्या टोप्या आणि बुरखे घालून गळे काढतात, कुणीतरी पाद्री बनून वात्रट प्रवचन झोडतो. मग सगळे त्याच गाडीत बसून शेवटपर्यंत जातात आणि रस्ताभर पितात. ब्रेडेनाउची तयारी ल्योवर खाटकाच्या मुलाकडे होती. आता तोच ल्योवर खाटीक होता, चांगलाच सुटलेला. तो एवाल्डच्या घरी आला.

"ट्रीशकाका, पळी तुम्हीच उचलायची. रेल्वेची परवानगी काढलीय. टोपीसुद्धा देतायत एक दिवसासाठी."

"मला नाटकं जमत नाहीत."

"नाटक आम्ही करू. तुम्ही नुसते उभे राहा, नेहमीसारखे."

एवाल्ड गेला. शनिवार होता, ऊन होतं. चौथ्या फलाटावर इतकी गर्दी त्याने परतलेल्या कैद्यांच्या गाड्यांनंतर पाहिली नव्हती. बाळांना खांद्यावर घेतलेले बाप होते, रेलबस उशाशी घेऊन झोपतील असे फोटो काढणारे शौकीन होते. रेलबसच्या नाकावर माळ होती. ल्योवर पाद्र्याचा झगा घालून पेटीवर चढला होता. "प्रिय बंधुभगिनींनो! ही बाई आयुष्यभर वेळेवर आली नाही, पण आज वेळेवर चालली आहे!" बायका काळ्या रुमालात तोंड लपवून हसत होत्या. डिपेलबाईने फलाटावर टेबल लावलं होतं. कॉफी आणि चुऱ्याचा केक.

"घ्या," ती एवाल्डला म्हणाली. तो नको म्हणाला. तिने आवाज उतरवला. "ट्रीशसाहेब, मी रोस्विटाला फोन केला होता. म्हटलं, आईकडे गाडीने जायचं असेल तर हीच शेवटची."

एवाल्ड तिच्याकडे बघत राहिला. "मग?"

"येते म्हणाली नाही. येत नाही, असंही म्हणाली नाही. आली तर हांबुर्गच्या जलदनेच येईल, दुसरी गाडीच नाहीये. आता बघा काय ते."

त्याने डोक्यावरची लाल टोपी काढून परत नीट घातली. मग तो फेनर नावाच्या, ड्यूटीवरच्या तरुण अधिकाऱ्याकडे गेला आणि जलद कुठपर्यंत आली ते विचारलं. जलद उशिरा होती.

सुटायची वेळ झाली. बँडने शोकगीत वाजवलं, लोक डब्यांत घुसले, ल्योवर पाद्र्याचा झगा आवरत पायरीवर लटकला. सगळ्यांचे डोळे एवाल्डवर. तो पळी मांडीशी धरून उभा राहिला. एक मिनिट गेलं. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग असणार. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बँडने शोकगीत पुन्हा वाजवलं.

"काका, उचला की!" ल्योवर ओरडला.

"जोडगाडी यायची आहे."

डब्यांत हशा पिकला. "जोडगाडी म्हणे! मढं उठायची वेळ झाली, म्हाताऱ्याला जोडगाडी आठवतेय!" पाच मिनिटं झाली तेव्हा हशा ओसरला होता. सात झाली तेव्हा कुणी मागून म्हणालं, याला काही होतंय का बघा जरा. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. फेनर खोलीतून पळत आला, घामाघूम.

"ट्रीशसाहेब, कंट्रोलचा फोन आहे. विचारतायत चारवरची गाडी का अडलीय. काय सांगू?"

एवाल्डने घसा साफ केला. "दुधाचे कॅन."

"काय?"

"कॅन चढवतोय म्हणून सांग."

"अहो, मी नोकरीला लागल्यापासून या फलाटावर दुधाचा एक कॅन पाहिलेला नाही!"

नोल्टे खिडकीतून वाकला. त्याचे केस आता पांढरे झाले होते. "सांग रे बाबा, सांग. जुना माल आहे, वेळ लागतो."

फेनर डोकं हलवत आत गेला. डिपेलबाईने सुरी केकमध्ये रोवली आणि तशीच सोडली. एवाल्ड जिन्याकडे बघत होता. पलीकडे पहिल्या फलाटावर जलद गाडी शिरली, ब्रेक करकरले, दारं आपटली. मग भुयारात पावलं वाजली. आधी दोन शिपाई वर आले, मग सायकल खांद्यावर घेतलेला एक माणूस. मग काही वेळ कुणीच नाही.

रोस्विटा सावकाश वर आली. धावत नव्हती. हातात कुंडी होती, कागदात गुंडाळलेली. पस्तिशीची बाई, चष्मा लागलेला. आईसारखीच मान तिरपी धरून चालायची सवय. फलाटावरची गर्दी, काळ्या टोप्या, माळ, खिडक्यांतले सगळे चेहरे तिने पाहिले. मग ती एवाल्डसमोर येऊन उभी राहिली.

"ही कुणासाठी थांबवलीत?"

चौदा वर्षं त्याने या घटकेचा विचार केला नव्हता असं नाही. स्वयंपाकघरात एकटा बसून त्याने कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"जोडगाडीसाठी," तो म्हणाला.

रोस्विटाने मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं. पायरी चढताना ती वळली. "तुम्ही येत नाही?"

"पळी कुणीतरी धरायला पाहिजे."

ल्योवरने तिला आत जागा करून दिली. एवाल्डने पळी वर धरली, अगदी नियमात सांगितली तेवढी उंच. नोल्टेने लांब शिट्टी दिली, बँड पुन्हा सुरू झाला, आणि रेलबस माळेसकट यार्डाच्या वळणाला लागली. रोस्विटा ज्या खिडकीशी बसली होती ती पलीकडची होती. फलाटावरून दिसत नव्हती.

गर्दी पांगली. डिपेलबाई कप गोळा करत होती.

"काय म्हणाली?"

"कुणासाठी थांबवली, विचारलं."

"आणि तुम्ही?"

"जोडगाडीसाठी, म्हणालो."

डिपेलबाईने हातातले कप खाली ठेवले. "चौदा वर्षं होती तुमच्याकडे, ट्रीशसाहेब. चौदा. एवढ्यात दगडाला दुसरा शब्द सुचला असता." मग तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने केकचा तुकडा कागदात बांधून त्याच्या शेजारी बाकावर ठेवला.

तो घरी गेला नाही. मिरवणुकीतले लोक काल्टेनरोडेच्या गुत्त्यात जेवून मोटारींनी परतणार होते. रेलबस मात्र रिकामी परत यायची होती, यार्डात लावायला. मे महिन्याचा उजेड रेंगाळतो. इंजिन शेडच्या उघड्या भिंतींवर ऊन होतं तोपर्यंतच रेलबस आली. माळेतली निम्मी फुलं वाटेत गळून गेली होती. नोल्टे उतरला, पाठ सरळ केली आणि बाकावर त्याच्या शेजारी बसला. कागदातला केक त्याने न विचारता उघडला.

"स्मशानाच्या फाटकाशी उतरवली तिला. स्टेशनच्या अलीकडेच थांबवली गाडी. आता कोण काय करणार आहे मला?"

"बरं केलंस."

"आज मावशीकडे राहणार म्हणाली. उद्या तिकडूनच बसने जाईल, डोंगरापलीकडून."

नोल्टेने केकचा चुरा पँटवरून झटकला.

"वाटेत माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. विचारलं, किती मिनिटं थांबलात. मी म्हणालो, अकरा."

"मग?"

पहिल्या फलाटावरून एक मालगाडी न थांबता गेली, तिचा आवाज संपेपर्यंत नोल्टे थांबला.

"म्हणाली, तेव्हा आणखी तीनच लागली असती."

एवाल्डने लाल टोपी काढून मांडीवर ठेवली. हिशोब बरोबर होता.